टी-पंचावन्न घाट उतरतो

रणगाडा आणायला जाताना बरोबर काय न्यायचं असतं, हे सांगणारं आमच्या गावात कोणी नव्हतं. म्हणून मी माझ्या अकलेने सुके बांगडे, कोकमाच्या आगळाची बाटली, दोन साड्या, एक चादर आणि रक्तदाबाच्या गोळ्या पिशवीत भरल्या आणि पुण्याच्या एसटीत बसले. वाहकाने सहज विचारलं, लग्नाला का? मी म्हटलं, नाही, रणगाडा आणायला. त्याने तिकीट फाडलं आणि पुढे काही विचारलं नाही.

आमचं गाव मिठबावच्या जवळ. नाव सांगत नाही, कारण सरपंच अजून तेच आहेत आणि त्यांच्याशी मला रोज बोलावं लागतं.

आमच्या किनाऱ्यावरचा मुलगा घराबाहेर पडला की बोटीवर तरी जातो, नाहीतर मुंबईला. माझे यजमान मात्र गेले ते थेट राजस्थानच्या वाळूत, रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये. दफेदार, म्हणजे रणगाडेवाल्यांचा हवालदार, होऊन परत आले. गावाने त्यांना दफेदार म्हणायला सुरुवात केली, पण त्यात मानापेक्षा गंमत जास्त. बोटीवरचे लोक सिंगापूरहून टीव्ही आणायचे, आणि ह्यांनी आणली ती कानात कायमची बसलेली घरघर. समुद्राकाठी राहून वाळूच बघायची होती तर एवढ्या लांब कशाला गेलास, असं म्हातारे त्यांना विचारायचे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हे डावखुरे होते. शाळेत गुरुजींनी डाव्या हातावर छड्या मारल्या, घरी आईने डाव्या हाताने वाढायला कधी दिलं नाही, देवळात तीर्थ घेताना पुजाऱ्याने हात मागे लोटला. पुढे सैन्यात त्यांना टी-पंचावन्न मिळाला. दुसरं महायुद्ध संपता संपता रशियावाल्यांनी आधी टी-चोपन्न काढला आणि मग त्यातच सुधारणा करून हा. त्यात चार माणसं. पुढे चालवणारा, तोफेच्या डाव्या अंगाला कमांडर आणि नेमबाज, आणि उजव्या अंगाला एकटा गोळा भरणारा. तिथे उभं राहिलं की तोफेचं तोंड येतं डाव्या हाताशी. उजव्या हाताची चांगली दणकट माणसं तो जड गोळा डाव्या हाताने रेटताना घामाघूम व्हायची, आणि आमच्या ह्यांचा गोळा मात्र चुलीत लाकूड सरकवावं तसा आत जायचा. मास्तरांपासून भटजींपर्यंत सगळ्यांनी नाकारलेला हात तिथे पहिल्यांदा कोणीतरी बरा म्हटला. रशियावाल्यांनी रचनेत चूक केली आणि ती माझ्या नवऱ्याच्या कामी आली.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच ध्यास घेतला. सेवेतून काढलेले टी-पंचावन्न गावांना, शाळांना शोभेसाठी देतात, तसा एक आपल्या गावाला मिळावा. पंचायतीकडून अर्ज करवला, मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाकडून वाहतुकीचा खर्च कबूल करून घेतला. मागच्या श्रावणात दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. त्यानंतर काही महिन्यांनी मंजुरी आली.

पंचायतीच्या सभेत सरपंचांनी ती वाचून दाखवली आणि तालुक्याला कळवून तो रणगाडा तिकडेच ठेवून घ्यायला सांगूया, असं सुचवलं. रस्ता अरुंद आहे, आंब्याचा हंगाम आहे, माणसं मिळणार नाहीत. कारणं खरी होती. मी सदस्य म्हणून मागच्या बाकावर बसले होते. मग ते म्हणाले, "काकी, दफेदार बरो माणूस होतो, त्येबद्दल वाद नाय. पण तो लढाईत खंय गेलो? शहीद झालो असतो तर गोष्ट येगळी."

मी उठून उभी राहिले. 

"जितो परत ईलो, ह्यो त्येचो गुन्हो काय?"

 सरपंचांनी चष्मा काढून पुसला आणि हळूच विचारलं, आणायला जाणार कोण?

"मी जातंय," मी म्हटलं.

पुण्याजवळ

लष्कराच्या डेपोच्या फाटकावर हणमंत माने वाट बघत उभे होते. माने म्हणजे ह्यांच्याच रणगाड्याचा चालक, कराडच्या अलीकडच्या एका खेड्यातला माणूस. आवाज एवढा मोठा की शेजारच्या माणसाशी बोलले तरी दुसऱ्या डोंगरावर ऐकू जावं. रणगाडेवाले सगळे असेच बोलतात, हे मला लग्नानंतर कळलं होतं. मी फोन केला तेव्हा त्यांनी नुसतं कधी निघायचं एवढंच विचारलं होतं.

आत गेल्यावर मी थबकले. मोकळ्या मैदानात, गवतात, ओळीने रणगाडे उभे होते. किनाऱ्याच्या दांडीवर ओढून ठेवलेल्या होड्या जशा पावसाळ्यात दिसतात तसे. काहींच्या तोफांवर साळुंक्या बसल्या होत्या.

आमचा ट्रेलर यायला वेळ होता. मान्यांनी मला ती ओळ फिरवून दाखवली. मी आजवर ऐकत आले होते ते सगळं त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. एका कडेला एक चपटी, उथळ गाडी होती, पुढचा भाग होडीच्या नाळेसारखा. तिला हात लावून माने म्हणाले, ही पीटी-शहात्तर, पाण्यात पोहते, मागून पाण्याचा झोत सोडते आणि नदी पार करते. आमच्याकडच्या कोणाला सांगितलं असतं तर त्याने मला ताप आलाय का विचारलं असतं. मी तिच्या पोटाखाली वाकून बघितलं. कुठेही सांध नाही. आमचा होड्यांचा सुतार खूश झाला असता.

तिच्या पुढे बीएमपी. ती सैनिकांना पोटात घेऊन जाणारी गाडी, मागच्या दोन दारांतून माणसं उतरतात. आधी पायदळ रणगाड्याच्या पाठीवर बसून जायचं आणि गोळी आली की पडायचं. मग रशियावाल्यांनी पायदळालाही चिलखतात बसवलं. मान्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांची खोड अशी, की दर वेळी नवं काही मांडायचं नाही, हाती आहे त्यालाच घडवत न्यायचं. गाडी बुटकी ठेवायची, हलकी ठेवायची आणि अशा गाड्या खूप करायच्या. बुटक्या गाडीला बुटकी माणसं लागतात. मान्यांना उंचीवरून पोलीस भरतीत परत पाठवलं होतं, रणगाड्यात मात्र ते नेमके मावले. मधले बासष्ट आणि चौसष्ट नंबरचे रणगाडे आपल्याकडे आले नाहीत, ते आम्ही चित्रात पाहिले, असं ते म्हणाले.

आणि मग शेवटी टी-बहात्तर. त्याच्यासमोर मी जास्त वेळ उभी राहिले. कारण ह्या रणगाड्याने माझ्या नवऱ्याची जागा घेतली होती.

त्यात तीनच माणसं बसतात. गोळे खाली, पायांखाली, चक्राकार मांडलेले असतात, बटण दाबलं की यंत्र वर आणून भरतं. रेजिमेंटला हे रणगाडे आले त्या वर्षी हे सुट्टीवर घरी आले होते आणि गप्प गप्प होते. विचारलं तर म्हणाले, "आता मशीन भरता." एवढंच. नंतर नेमबाजी शिकले, चांगली शिकले, पण त्याबद्दल कधी बोलले नाहीत. शेवटच्या वर्षी मोबाइलवर युक्रेनमधल्या लढाईची चित्रं बघायचे. पायाखालचे गोळे पेटून बहात्तरचा तोफेसकट वरचा घुमट उडालेला दिसला की मोबाइल उलटा ठेवायचे. आतल्या तिघांचा विचार करत असावेत. एकदा बातमी आली की रशियाने गोदामातून जुने चोपन्न-पंचावन्न बाहेर काढले आणि पुन्हा लढाईत पाठवले. मला वाटलं हे आनंदतील. ते म्हणाले, "म्हाताऱ्यांका कित्याक उठवतत?"

मान्यांनी मला तिथे किती वेळ उभं राहायचंय ते विचारलं नाही. मग म्हणाले, "वहिनी, आपली गाडी त्या टोकाला."

आमचा टी-पंचावन्न. घुमट पालथ्या कढईसारखा, पहिल्या आणि दुसऱ्या चाकात मोठी फट, दात पडल्यासारखी. इंजिन काढून घेतलेलं, तोफ निकामी केलेली. हा ह्यांचाच होता का, असं मला सगळे विचारतात. नव्हता. ह्यांचा कुठे गेला कोणाला ठाऊक नाही. तिथल्या एका हवालदाराने चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांना ग्रीस दिलं, रणगाडा गावात बसवल्यावर वरची झाकणं वेल्डिंगने जोडून टाका म्हणून सांगितलं, आणि माझ्याकडून सही घेतली. रणगाडा मिळाला, अशी सही करणारी मी बहुधा आमच्या तालुक्यातली पहिली बाई.

कराडच्या अलीकडे

ट्रेलरचे चालक इस्माईलभाई सोलापूरचे. सगळं आयुष्य अवजड माल नेण्यात गेलेलं. साखर कारखान्याचे बॉयलर नेले, पुलाचे गर्डर नेले, रणगाडा पहिलाच. त्यांनी केबिनमध्ये मला खिडकीची जागा दिली आणि माझी पिशवी हुंगून विचारलं, आत काय आहे? बांगडे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. माने मात्र सगळ्या रस्त्यात नाकाला रुमाल लावून बसले. वाळूतल्या उन्हात डिझेलचा धूर खाल्लेला माणूस, पण सुक्या बांगड्यापुढे हरला.

मान्यांच्या गावी मुक्काम केला. त्यांच्या पत्नीने ज्वारीची भाकरी, मिरचीचा खर्डा आणि काळ्या मसाल्याची आमटी वाढली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिखटाने. मी आगळ काढून सोलकढी करायला गेले, तर त्यांच्याकडे नारळ देवापुढचा तेवढा एकच. त्यांनी तो मुकाट्याने उचलून माझ्या हातात दिला. आमच्याकडे नारळ परसात पडलेला असतो, त्याचं मोल मला त्या स्वयंपाकघरात कळलं. सोलकढी सगळ्यांनी एकेक घोट घेतली आणि छान आहे म्हणाले. कोणी दुसऱ्यांदा मागितली नाही.

सकाळी उठून बघते तर ट्रेलरभोवती गर्दी. त्या भागात घरटी माणूस फौजेत. बायका ताटं घेऊन आल्या होत्या, रणगाड्याच्या पट्ट्यांना हळदकुंकू लावत होत्या. एका वयस्क बाईने मला विचारलं, तुमचं कोण शहीद झालं? सभेतलाच प्रश्न, पण ह्या बाईच्या तोंडी तो मायेचा होता. हो म्हटलं असतं तर तिने मला मिठी मारली असती. क्षणभर तसा मोहही झाला.

मी म्हटलं, "कोणी नाही. माझे मिस्टर ह्यात गोळा भरायचे. घरी आले, म्हातारे झाले आणि गेले."

 तिचा मुलगा सीमेवर होता, हे मला मागून कळलं. ती म्हणाली, "असंच व्हावं गं बाई सगळ्यांचं." मग ताट खाली ठेवून तिने नारळ फोडला. माझ्या सगळ्या प्रवासातलं हे सगळ्यात मोठं वाक्य. सरपंचांना सांगायला मी ते मनात घोळवत पुढे निघाले.

फोंडाघाट

राधानगरी सोडली की झाडी दाट होते आणि हवेला ओल येते. दाजीपूरच्या पुढे रस्ता एकदम खाली बघतो. तिथून आमचं कोकण दिसतं, निळसर धूसर. मला प्रत्येक वेळी तिथे बरं वाटतं. ह्या वेळी मात्र पाठीशी छत्तीस टन होते आणि पुढे वळणं.

आदली रात्र राधानगरीत काढून आम्ही सकाळीच घाटात उतरलो. इस्माईलभाई एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने दाढी धरून चालवत होते. पहिली वळणं निभावली. मग एका केसांच्या आकड्यासारख्या वळणावर ट्रेलरची पुढची बाजू वळली आणि मागची वळली नाही. मागची चाकं डोंगराच्या चरात गेली, पुढचं नाक कठड्याला टेकलं. तोफ दरीवर बाहेर आलेली. रस्ता पूर्ण बंद.

आणि खालून येत होते आंब्याचे ट्रक. हापूस ऐन भरात, पेट्या भरून रातोरात बाजारात पोचायची घाई. बघता बघता रांग लागली. हॉर्न, शिव्या. एक पोलीस मोटारसायकलवर कसाबसा वर आला आणि ही गाडी मागे घ्या, परत कोल्हापूरला न्या, असं म्हणाला. मी त्याला म्हटलं, बाबा, मागे घ्यायला जागा असती तर पुढेही गेली असती. त्याला हे पटलं, पण आवडलं नाही.

पहिल्या ट्रकमधून जामसंड्याकडचा एक माणूस उतरला. त्याच्या बागेतला सगळा माल त्या गाडीत होता. त्याने मला सुनावलं, "काकी, रणगाडो गंजाक पन्नास वर्सां लागतीत. आंबो कोणासाठी थांबणा नाय." त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. त्या उन्हात बंद पेट्यांमधून वास यायला लागला होता, आणि आंबा पेटीतच पिकायला लागला की असा वास येतो, हे बागायतदाराच्या घरात जन्मलेल्या मला कळत होतं.

मी त्याला म्हटलं, रागाव, पण माणसं उतरव. तो अजून रागावला. मग मीच साडी खोचून रांगेच्या बाजूने खाली चालत गेले, प्रत्येक ट्रकच्या दाराशी थांबले आणि तेच सांगत गेले. तुमचा आंबा आणि माझा रणगाडा एकाच वळणात अडकलेत. एक सुटल्याशिवाय दुसरा सुटत नाही. कोणी हसलं, कोणी तोंड फिरवलं. पण परत वर आले तर माझ्यामागे माणसं होती.

मग जे चाललं ते नीट सांगता येत नाही. चरात दगड भरले, चाकांमागे दगड लावले, इस्माईलभाई हातभर पुढे यायचे, हातभर मागे जायचे, मान्यांचा आवाज दरीत घुमायचा, आणि दर वेळी चाक हललं की दगड सरकवणारे हात झटकन मागे यायचे. एकदा कठड्याचा चिरा निखळून खाली गेला. तो कुठे आपटला ते ऐकू आलं नाही.  पण परत फिरायचं मनात एकदाही आलं नाही, हे मी खरं सांगते. हट्ट म्हणा. बायकांच्या हट्टाला आमच्याकडे चांगलं नाव नाही, ते नसूदे.

दुपार कलताना मागची चाकं सुटली. जामसंड्याचा तो माणूस घामाने न्हालेला होता. रणगाडा कोणाच्या आठवणीसाठी चाललाय ते मान्यांनी त्याला मधे सांगितलं होतं. जाताना त्याने पेटी फोडली, चार आंबे माझ्या ओटीत टाकले आणि म्हणाला, "दफेदारांका मी वळखी होतंय. माका आदी सांगूक नको?"  इस्माईलभाईंनी घाट उतरल्यावर एका झाडाखाली गाडी लावली आणि अर्धा तास नुसते झोपले. आम्ही आंबे खाल्ले. मान्यांनी कोय चोखून पांढरी केली.

साकव

गावच्या हद्दीत आलो आणि साकवापाशी थांबलो. व्हाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, हा छोटा पूल आजोबांच्या काळचा. पलीकडे गाव, अलीकडे आम्ही. पुलावर बांधकाम खात्याचे तरुण इंजिनिअर उभे होते आणि त्यांच्या शेजारी सरपंच.

इंजिनिअरनी मला सावलीत नेऊन नीट समजावलं. ट्रेलर आणि रणगाडा मिळून जे वजन होतं ते ह्या पुलाला पेलणार नाही. पूल पडला तर पावसाळ्यात वाडीतली मुलं शाळेत जाऊ शकणार नाहीत. ते उद्धटपणे बोलले नाहीत आणि ते बरोबर होते. मी तसं त्यांना सांगितलंही. सरपंच मागून म्हणाले, मग तालुक्याला नेऊया, आपण प्रयत्न केला, दफेदारांच्या आत्म्याला पोचलं.

मी खाली व्हाळाकडे बघितलं. चैत्रातला व्हाळ. मधोमध गुडघाभर पाणी, बाकी खडी आणि वाळू. मान्यांकडे वळले, तर ते आधीच तिकडेच बघत होते.

"हणमंतराव, ह्याला पाण्याचं वावडं आहे का?"

"वहिनी," ते म्हणाले, "रशियात नद्याच नद्या. ह्याच्या डोक्यावर नळी लावून आम्ही त्याला पार बुडवून नदी ओलांडायचो. हे पाणी म्हणजे त्याला पाय धुवायला."

मी इंजिनिअरना विचारलं, पुलाखालून नेलं तर? त्यांनी कठड्यावरून वाकून खाली बघितलं. शेवटी म्हणाले, "पुलाखाली काय चालतं, ते माझ्या अखत्यारीत येत नाही." आणि जीपमध्ये न बसता तिथेच एका दगडावर बसले, बघायला.

चिरेखाणीवरच्या मालकाकडे मी स्वतः गेले. त्याने दोन पोकलेन दिले, वर चालकही दिले. काठ उतरता करायला दुपार गेली. आंब्याच्या बागांतून माणसं येत गेली. हंगामात माणूस मिळत नाही म्हणतात, पण रणगाडा व्हाळात उतरणार म्हटल्यावर मिळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी रणगाडा ट्रेलरवरून ओढून खाली घेतला. एक पोकलेन पुढे ओढायला, एक मागे धरायला. इंजिन नसलं तरी दोन तरफांचा पट्ट्यांवरचा ताबा अजून शाबूत होता, म्हणून माने चालकाच्या भोकात उतरले. नुसतं डोकं वर.

मी रणगाड्यावर चढले.

"वहिनी, खाली उतरा," माने म्हणाले. सरपंच म्हणाले, इंजिनिअर म्हणाले, खाणीवरचे म्हणाले. गर्दीतला माझा पुतण्या तर हात धरायला आला. मी कोणाचंच ऐकलं नाही. उजवीकडचं झाकण उघडलं आणि आत उतरले.

आत अंधार आणि तेलाचा जुना वास. माझ्या डाव्या बाजूला तोफेचा मागचा जाडजूड ठोकळा. जागा इतकी कमी की आमच्या देवळीत समई ठेवतो तिला जास्त जागा मिळते. टोकदार लोखंड सगळीकडून अंगाला लागत होतं. ह्या पेटीत राजस्थानच्या उन्हात, गाडी उड्या मारत असताना, तो माणूस उभा राहून गोळे भरत होता, वर्षानुवर्षं, आणि घरी येऊन आम्हाला म्हणत होता की काम सोपं होतं. मी त्याच्या खांद्यावरचे काळे वळ पाहिले होते. विचारलं नव्हतं असं नाही. पण अंदाज नव्हता.

तेवढ्यात गाडी हलली. पट्ट्या कण्हल्या. समोरचा भाग खाली झुकला, मी ठोकळ्यावर आदळले, डावा हात टेकून सावरले. दगड चिरडल्याचा आवाज सरळ पायांतून डोक्यात येत होता. मग पाण्याचा. बाहेर माणसं काहीतरी बोलत होती. मध्ये एकदा आम्ही थांबलो, मागे घसरतोय असं वाटलं, आणि मान्यांचा आवाज पुढून आला, घाबरू नका म्हणून. मी घाबरले नव्हते. मला राग आला होता. ज्यांनी ज्यांनी ह्या माणसाला गमतीने दफेदार म्हटलं त्या सगळ्यांचा, आणि थोडा त्याचाही, कारण त्याने कधी त्यांना उत्तर दिलं नाही. मग नाक वर उचललं गेलं, झाकणातून आभाळ दिसलं आणि कोणीतरी माडाच्या झावळ्या हलवत होतं.

वर आले तेव्हा सरपंचांनी हात पुढे केला. तो धरून मी उतरले. उतरायला मदत लागत होतीच.

सडा

रणगाडा आता गावाबाहेरच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, आहे. खाली जांभा दगड, पुढे समुद्र. मान्यांनी दोन दिवस राहून पट्ट्या साफ केल्या, तेल दिलं. माझ्या हातचं बांगड्याचं तिखलं त्यांनी शेवटी खाल्लं आणि बायकोला सांगू नका म्हणाले. इस्माईलभाईंनी जाताना समुद्राकडे बघून बराच वेळ हात जोडले. वेल्डिंगवाल्याने झाकणं जोडून टाकली. त्याच्या आत उभी राहिलेली शेवटची व्यक्ती मी.

आता राहिलं उद्घाटन. सरपंचांच्या मनात मोठं होतं. वरच्या पुढाऱ्यांना बोलवायचं, मांडव घालायचा, त्यांच्या हस्ते अनावरण. तोवर कोणी बघू नये म्हणून त्यांनी रणगाड्यावर निळी ताडपत्री घातली आणि दोऱ्यांनी घट्ट बांधली. तारीख मिळेना. मी रोज तिकडून जायचे. वाऱ्याने ताडपत्री फडफडायची. लांबून वाटायचं, आंब्याच्या पेट्या झाकून ठेवल्यात.

एका सकाळी मी कोयती घेऊन गेले. दोऱ्या कापल्या. ताडपत्री ओढायला जड होती, ओढली. सरपंच सायकलवरून येत होते, ते थांबले. मी त्यांना कराडच्या बाईचं वाक्य सांगितलं, शब्द न शब्द. ते उतरले, रणगाड्याला एक फेरी मारली, तोफेखाली थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "पुढाऱ्यांका काय सांगू?"

"सांगा, उघडो आसा. बघूक येवा."

तारीख अजून मिळालेली नाही. ताडपत्री मी घरी आणून जळणाच्या लाकडांवर घातली. मागायला कोणी आलेलं नाही.